दुसऱ्याच्या नावाने वाढलेलं पान

साम-सूक संत्र्यांची पिशवी घेऊन आले तेव्हा माव्हिस नव्हती, आणि ती नसताना यायचं हे ठरवूनच ते आले होते.

"बसा," मी म्हटलं. त्या खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मी बसले होते. ते उभेच राहिले. टेप कापायच्या यंत्राकडे त्यांनी, डॉक्टरांच्या टेबलावरच्या सुऱ्या-कात्र्यांकडे बघावं तसं बघितलं.

"रविवारी छिंग-मिंग," ते म्हणाले. "आमच्या पितरांचा दिवस. सकाळी दफनभूमी, दुपारी सभागृहात नावं पुकारायची, मग माव्हिसची फिल्म, मग जेवण. अडीचशे माणसं येणार. लहान मुलं येणार."

"माहीत आहे मला."

"मग ती चार मिनिटं काढून टाका."

ही गोष्ट एप्रिल १९९६ची, व्हँकुव्हरच्या चायनाटाउनमधली. साम-सूक म्हणजे तिसरे काका. माव्हिसच्या वडिलांचे ते धाकटे भाऊ, आणि त्यांच्या आडनावाच्या मंडळाचे अध्यक्ष. तिथे एकेका आडनावाची अशी मंडळं असतात. खाली सभागृह, त्यात देव्हाऱ्यासारखं टेबल, भिंतीवर गेलेल्या सभासदांचे फोटो ओळीने, आणि वरच्या मजल्यावर एकट्या म्हाताऱ्यांसाठी खोल्या. हे आडनाव कुठलं ते मी सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि त्यांच्या मुलांचं माझ्याशी काही वाकडं नाही.

"ते माव्हिसला सांगा," मी म्हटलं. "टेप तिची आहे."

"माव्हिसला भिंत दिसली की डोकं आपटायचं असतं. लहानपणापासून." त्यांनी पिशवी खिडकीत ठेवली. "तुम्ही नर्स होता ना? म्हाताऱ्या माणसाला काय लागतं ते तुम्हाला कळतं. हॉय अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. वरची खोली सभासदाची. हे असलं अडीचशे माणसांसमोर झालं तर समिती त्याला ठेवणार नाही. मी एकटा किती जणांना आवरू? तो जाईल कुठे?"

नर्स मी होते, तेही अर्धीच. मिरजेहून त्यासाठीच आले होते. ते शिक्षण सुटलं आणि मी माव्हिसच्या हाताखाली टेप कापायला शिकले. तिच्या हाताखाली म्हणजे तिच्या तोंडाखाली असंही म्हणता येईल. माव्हिस लुई बुटकी, केस पोरासारखे कापलेली, आजोबांचं जाकीट घालून हिंडणारी बाई. सुक्या मासळीच्या दुकानावर तिची खोली. फोटो, स्लाइड, टेप, तीन-तीन टीव्ही एकावर एक रचून केलेली चित्रं, असलं तिचं काम. त्या वर्षी ती मंडळातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींची फिल्म करत होती. आपल्याला बायका आवडतात हे तिने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आईला भरल्या जेवणात सांगितलं होतं, आणि आई वर्षभर बोलली नव्हती. पुढे ती एड्सची बाधा आली आणि पोरं पटापट मरायला लागली, तेव्हा हिने चिनी भाषेत पत्रकं छापली आणि जडीबुटीच्या प्रत्येक दुकानात स्वतः नेऊन ठेवली. दुकानदार फेकायचे. ही दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची. शेवटी तेच कंटाळले.

तिचा कामाचा एक नियम होता आणि तो ती कुणासाठी मोडत नसे. जो बोलला, त्याच्या हातात रिमोट. टेप तयार झाली की त्या माणसाच्या घरी जायचं, त्याच्याच टीव्हीवर लावायची. त्याने थांबवलं की थांबलं. तो म्हणाला काप, की कापायचं. दुसऱ्या कुणालाही कापायचा हक्क नाही, तिला स्वतःलाही नाही.

हॉय-बाकच्या खोलीत आम्ही टेप घेऊन गेलो तेव्हा मीही होते. बाक म्हणजे वडीलधाऱ्या माणसाला म्हणायचं काका. पलंग, स्टोव्ह, खिडकीत कांद्याची पात लावलेला डबा. म्हातारा रिमोट हातात घेऊन ताठ बसला, आणि त्याने काही थांबवलं नाही. उलट ती चार मिनिटं दोनदा मागे नेऊन पुन्हा बघितली.

त्या चार मिनिटांत तो काय म्हणत होता ते सांगते.

१९२२ साली तो आणि दुसरा एक मुलगा बोटीने आले. वर्षभरातच चिनी माणसाला या देशाचं दार बंद झालं, ते जवळजवळ पंचवीस वर्षं बंद राहिलं. हे दोघं आले ते उसन्या कागदांवर. तिकडे गिम आणि हॉय नावाचे दोन भाऊ तापाने गेले होते, त्यांची कागदं या दोघांच्या घरच्यांनी वेगवेगळी विकत घेतली. असं तेव्हा पुष्कळ जण करत. म्हणून हा झाला हॉय, दुसरा झाला त्याचा थोरला भाऊ गिम, आणि कागदावर जे आडनाव होतं त्या आडनावाच्या मंडळाने दोघांना आपलं म्हटलं. मासे डब्यात भरायच्या कारखान्यात, लाकूडतोड्यांच्या छावणीवर, हॉटेलांच्या स्वयंपाकघरात, बासष्ट वर्षं दोघं एकत्र राहिले. साठ साली सरकार म्हणालं, खरी नावं सांगा, शिक्षा करणार नाही. हे गेले नाहीत.

"का गेला नाहीत?" माव्हिसने टेपमध्ये विचारलंय.

"सांगितलं असतं तर आम्ही दोन परके पुरुष झालो असतो," तो म्हणतो. "भाऊ एका खोलीत राहिले तर कोण विचारतं? पहिल्या हिवाळ्यात आमच्याकडे एकच गोधडी होती. दुसऱ्या वर्षी दुसरी घेतली. ती आम्ही उघडली नाही."

आणि मग तो रडतो, पण गोधडीसाठी नाही. थोरला गेल्यापासून बारा वर्षं दर छिंग-मिंगला तो त्या टेबलाशी उभा राहून ‘गिम’ असं पुकारत होता. भाजलेलं डुक्कर, भात, दारूचे तीन पेले. "गिम म्हटल्यावर कोण येणार? तो तापाने गेलेला पोरगा येतो. बारा वर्षं तोच जेवतोय. माझा बाहेर उभा आहे."

आमच्याकडे श्राद्धाला गुरुजी नाव आणि गोत्र दोनदा विचारून घेतात. त्यामुळे त्या खोलीतलं हे एवढं मला भाषांतराशिवायही कळलं असतं.

खरं नाव तो पुढच्याच वाक्यात सांगतो. ते त्याला सभागृहात पोचवायचं होतं, एवढीच त्याची इच्छा होती. स्वतः उभं राहून बोलायची त्याची छाती नव्हती. "टीव्ही बोलेल," तो माव्हिसला म्हणाला होता. "मी खाली मान घालून बसेन."

आता साम-सूक माझ्यासमोर उभे होते आणि मी त्यांना विचारलं, "नाव तरी राहू द्या. कागदांचं तुम्हाला काय एवढं?"

"कागदांचं काहीच नाही. आमच्यात निम्म्यांचे कागद उसने आहेत, माझ्या बापाचे धरून. पण त्याने नाव आणि गोधडी एका दमात सांगितलीय. मधे कापता येईल?"

कापता येत नव्हतं. मी आधीच बघून ठेवलं होतं, आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मलाच माझी लाज वाटली. मागायच्या आधीच मी कात्री कुठे चालेल ते शोधत होते.

ते गेले. मी एक संत्रं सोललं, खाल्लं, आणि मूळ टेप कपाटात ठेवून दुसरीवरून ती चार मिनिटं काढली. हॉय-बाक बोटीतून उतरतात, आणि पुढे थेट दुसरा म्हातारा लाँड्रीबद्दल बोलायला लागतो. सांधा इतका सफाईदार जमला की मला त्याचाही थोडा अभिमान वाटला. माव्हिसला मी काही सांगितलं नाही. हॉय-बाकना विचारलं नाही. त्यांच्या भल्यासाठी करतेय, असं मी स्वतःला बजावत होते.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. नावं पुकारून झाली होती. हॉय-बाकनी या वर्षी पुकारायला उभं राहायचं टाळलं. "फिल्म झाल्यावर," ते म्हणाले, आणि लोकांना वाटलं म्हातारा थकला. माव्हिसने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, हातात रिमोट दिला. निळा कोट, टाय, मान आधीच खाली.

तीन टीव्हींवर बोट आली. धक्का आला. हॉय-बाक उतरले. आणि लाँड्री सुरू झाली.

त्यांनी मान वर केली. रिमोट दाबला. टेप थांबली, मागे गेली, पुन्हा बोट, पुन्हा धक्का, पुन्हा लाँड्री. लोक हसायला लागले, म्हाताऱ्याला बटणं कळत नाहीत म्हणून. त्यांनी तिसऱ्यांदा मागे नेलं. तोवर माव्हिसने माझ्याकडे वळून बघितलं होतं. मी माझ्या चपलांकडे बघत होते.

"फार छान," साम-सूक माइकवर म्हणाले. "आता जेवून घेऊ या."

हॉय-बाकनी टेप बंद केली आणि उठले. एरवी ते बोलायचे तेव्हा माव्हिस माझ्या कानात इंग्रजी करून सांगायची. त्या दिवशी ती माझ्या कानाशी आली नाही. ती सरळ पुढे गेली, काकांच्या हातातला माइक काढून घेतला, आणि म्हाताऱ्याचं एकेक वाक्य सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणायला लागली, भाषा विसरलेल्या नातवंडांसाठीही आणि माझ्यासाठीही.

"माझं अर्धं बोलणं टीव्हीतून पडलंय," हॉय-बाक म्हणाले. "ते मी सांगतो."

"नंतर, दादा," साम-सूक म्हणाले. "जेवण गार होतंय."

"बारा वर्षं गारच आहे."

ते टेबलाशी गेले आणि भिंतीवरच्या तिसऱ्या ओळीतल्या फोटोकडे बोट केलं. "तो गिम नाही. मी हॉय नाही. आम्ही तुमच्या आडनावाचे नाही."

"खऱ्या आडनावाचं कोण आहे इथे?" मागून कुणीतरी म्हटलं, आणि म्हाताऱ्यांच्या रांगांत हशा झाला. वातावरण एकदम सैल पडलं. साम-सूकनीही ती संधी साधली. ते जवळ गेले आणि अगदी हळू, मायेने म्हणाले, "गाववाला होता म्हणा, आणि बसा. सगळे ऐकून घेतील. झालं मग."

माव्हिसने तेही मोठ्याने सांगितलं.

हॉय-बाक बसले नाहीत. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर खरं नाव पुकारता आलं असतं, फोटो राहिला असता, खोली राहिली असती. मी शेवटच्या रांगेत होते. मनातल्या मनात मी म्हणत होते, म्हणा हो, म्हणून टाका.

"गाववाला नव्हता," ते म्हणाले. "त्याचं गाव वेगळं. बोटीवर भेटला. पहिल्या हिवाळ्यात एक गोधडी होती. दुसरी घेतली ती उघडली नाही. बासष्ट वर्षं. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. मी त्याला घरचा माणूस म्हणतो."

दोन कुटुंबं उठली आणि मुलांना हाताला धरून बाहेर गेली. बाकीचे जागेवर बसून राहिले, पण कुणी कुणाकडे बघेना. साम-सूक भिंतीला टेकले. चिडलेले नव्हते ते, दमलेले दिसत होते.

टेबलाच्या कोपऱ्याशी मंडळाचे लेखनिक बसले होते. वय त्र्याण्णव, अत्यंत तुसडे, लाल कागदावर ब्रशने पितरांची नावं लिहायचं काम चाळीस वर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांनी ब्रश शाईत बुडवला.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"सीतो विंग-सान."

"तालुका?"

"होइपिंग."

"मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

"होइपिंग," माव्हिस माइकमध्ये ओरडली.

त्यांनी लिहिलं. साम-सूक म्हणाले, "परक्या आडनावाचा कागद आपल्या टेबलावर ठेवता येत नाही. आजवर कुणी ठेवलेला नाही."

"ठेवू नका," लेखनिक म्हणाले. "पाहुणा आहे. पाहुण्याला वेगळं टेबल लागतं. आणा."

कुणी हललं नाही. मग माव्हिसने पत्ते खेळायचं टेबल ओढत आणलं. त्याच्या पायांचा घासण्याचा आवाज मी विसरलेले नाही. हॉय-बाकनी त्यावर भात ठेवला, मांस ठेवलं, तीन पेले भरले, आणि हाक मारली. पहिली हाक अर्धीच आली. ते नाव त्यांनी चौऱ्याहत्तर वर्षांत चार माणसांत उच्चारलं नव्हतं. दुसरी नीट आली. तिसरी एवढी मोठ्याने आली की स्वयंपाकघरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

मंडळाचं पत्र अठरा दिवसांनी आलं. फोटो काढून घ्यावा, खोली महिनाभरात सोडावी. सही साम-सूकांची होती. माव्हिस गप्प बसणार नव्हतीच. हॉय-बाकना विचारून कपाटातली मूळ टेप तिने काढली आणि मंडळाच्या समोरच्या गोदामाच्या भिंतीवर, दिवेलागणीला, ती चार मिनिटं ओळीने आठ दिवस दाखवली. गोधडीपासून नावापर्यंत, पुन्हा गोधडीपासून. पोलीस आले. तिने त्यांनाही खुर्ची दिली. पाचव्या दिवशी साम-सूक रस्त्यापलीकडे छत्री घेऊन उभे होते. ते जवळ आले नाहीत, आणि संपेपर्यंत गेलेही नाहीत.

या सगळ्या दिवसांत माव्हिस माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी रोज तिच्या खोलीवर जायचे, वायरी गुंडाळायचे, घरी यायचे.

हॉय-बाकचं सामान हलवायला मात्र तिला माणूस हवं होतं. ते तिच्याकडेच राहायला जाणार होते. मी खोके भरत होते, ते पलंगावर बसून बघत होते. कांद्याची पात मांडीवर.

ते माव्हिसला काहीतरी म्हणाले. तिने अठरा आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं.

"विचारतायत, तू कापलंस का."

"हो."

"का, विचारतायत."

"तुमची खोली जाईल म्हणून."

त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. मग पुन्हा काही बोलले. माव्हिसने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"म्हणतायत, खोली माझी होती. घालवायची की नाही ते मी बघितलं असतं. शालनला विचार, तिला माझी खोली जाण्याची भीती वाटली, की तिची?"

तेव्हा मी पाच वर्षं तेरेसाबरोबर राहत होते. पूर्वेकडच्या वस्तीतल्या दोन खोल्या, एक पलंग. मिरजेला आईला मी लिहिलं होतं की तेरेसा माझी घरमालकीण आहे, वयस्कर, प्रेमळ, विधवा. आई दर पत्रात तिला नमस्कार लिहायची आणि एकदा तिच्यासाठी लोणचं पाठवलं होतं. तेरेसा तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिने ते लोणचं न बोलता संपवलं. टेपवर हॉय-बाक गोधडीचं सांगत होते तेव्हापासून मी ते कापायची जागा शोधत होते, आणि साम-सूक आले तेव्हा मला खरं म्हणजे सुटल्यासारखं झालं होतं. मी कापलं ते म्हाताऱ्याच्या भल्यासाठी, हे खोटं होतं. ते वाक्य अडीचशे माणसांत ऐकायची माझीच तयारी नव्हती.

"माझी," मी म्हटलं.

माव्हिसने भाषांतर करायला तोंड उघडलं, पण हॉय-बाकनी हातानेच तिला थांबवलं. ते रागावले नव्हते, पण ‘असू दे’ असंही म्हणाले नाहीत. मग त्यांनी सभागृहातून काढून आणलेल्या फोटोकडे बोट केलं, की तो तू उचल.

मी तो दोन्ही हातांनी धरून तीन जिने उतरले. खाली सभागृहाच्या दारात समितीतले दोघं-तिघं उभे होते. ते बाजूला होईनात, तेव्हा मी म्हटलं, "वाट द्या," आणि त्यांनी दिली.

त्या आठवड्यात मी आईला पत्र लिहायला बसले. ‘तेरेसा माझी घरमालकीण नाही’ हे पहिलं वाक्य लिहून झाल्यावर पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले. पण लिहिलं, सगळं लिहिलं, आणि पेटीत टाकलं.

महिना गेला, दोन गेले. आईचं उत्तर आलं नाही.

मग मी दुसरं लिहिलं.